आमची हरकत आहे

कोझा, ओकिनावा
३ जून २०२५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तिकडे तोक्योजवळ, ग्योतोकुला अनुरागभावोजी, जाऊबाई बरे असतील. माझ्या हातून घोळ झालाय. घरोघर फिरणारी सूचनांची फाईल आली. कचऱ्याचे वार बदलले असतील म्हणून न वाचताच सहीऐवजीचा माझा शिक्का मारून शेजारी दिली. त्यात आमची गल्ली पाडून पार्किंग करायला संमती मागितली होती!

इथल्या अमेरिकन तळावरच्या गोऱ्या सैनिकांच्या बाजारात काळ्या सैनिकांना उभं करत नसत, तेव्हा त्यांनी ही गल्ली आपलीशी केली. सलून, शिंपी, गाण्याचे अड्डे. वॉल्टर-सान तेव्हापासूनचे, आता सत्त्याहत्तर वर्षांचे. त्यांच्याच सलूनमध्ये मी बायतो, म्हणजे अर्धवेळ काम करते, आणि माझाच शिक्का त्यांच्याविरुद्ध! तो मी मागे घेणार. सुशांत म्हणतो, आधी आपल्या व्हिसाचं बघ.

आशीर्वाद द्या, मग हवं तेवढं रागवा.
तुमची सून, तेजश्री

ग्योतोकु
७ जून

चि. सौ. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. परक्या देशात भाड्याने राहणारी माणसं आपण, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. तरी जाणारच असशील, तर कचेरीत लेखी हरकत दे. दोन प्रती कर, एकीवर तारखेसह पोच घे. पोच मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही.

माया आहे म्हणून लिहिलं.
बाबा

कोझा
१८ जून

ती. बाबांना सा. न.

पोच मिळाली! असा रिवाज नाही, असं कारकुनाने वाकून तीनदा सांगितलं. मीही तीनदा वाकले आणि तिथेच उभी राहिले. आता गल्लीतले एकवीस जण दोन-दोन प्रती घेऊन खिडकीवर जाताहेत. वॉल्टर-सान म्हणतात, एकदा हाकललं तेव्हा इथे आलो, आता इथून हलत नाही. भाकऱ्या छान फुगताहेत, बाबा! गुरुवारी, सव्वीसला सुनावणी.

लोभ वाढता राहो, काळजी कमी.
तेजश्री

ग्योतोकु
२१ जून

चि. सौ. तेजश्रीस आशीर्वाद.

पोचेवर भिस्त ठेवू नकोस. आपल्याकडे नगररचना खात्यात तीस वर्षं मी पोच देत होतो. लोक तो कागद घडी करून जपून न्यायचे. मी एकही हरकत वाचली नाही. ‘विचारात घेतली’ असा शेरा मारायचा आणि गठ्ठा बांधायचा. एक अख्खी भाजी मंडई अशी गेली. हे तुझ्या सासूलाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून गुरुवारी प्रत्येकाने उभं राहून आपली हरकत मोठ्याने वाचायची. बावीसच्या बावीस. दिवस मावळला तरी चालेल, त्यांना ऐकावंच लागेल.

बुधवारच्या विमानाने येतोय. तेविसावी माझी आहे, मराठीत लिहिली आहे. मी वाचेन, तू जपानीत सांग.

तुझ्या लोभाला पात्र होऊ पाहणारा,
बाबा