खारट लाह्या

दिघोरी, नागपंचमी, १९७८. दिवेलागण.

आई नेहमी सांगते, तलावातला नाग माणसाचं रूप घेऊन गावात फिरतो. मी हसायची. आज हसू येत नाही.

सकाळी तलावाच्या पाळीवरच्या वारुळाला लाह्या वाहिल्या. नैवेद्य देवाआधी चाखायचा नसतो, म्हणून घरात कोणीच चाखला नव्हता. परत येताना बोटं चाटली तर खारट! घाईत साखर समजून मीठच मिसळलं होतं. कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

आणि संध्याकाळी गोविंदा भेटला. आमच्या धानाच्या बांध्यांत तलावाचं पाणी सोडतो तो. पाऊस सुरू होता, मी चिंब, त्याचा सदरा मात्र कोरडा.

"सुमन, लाह्या खारट काहून केल्या?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? मीच खाल्ल्या. साऱ्या."

"खारट होत्या तरी?"

"तू आनल्या होत्या ना."

मी त्याचा हात धरून पाहिला. चुलीमागच्या भिंतीसारखा ऊन. भ्यायला हवं होतं, नाही का? मग मी त्याची बाही का चाचपत राहिले? कोरडी. भर पावसात कोरडी!

नागाला पाय फुटतात तेव्हा दुखत असेल का? विचारायचं राहूनच गेलं.

उद्या तुमसरच्या राइस मिलवाल्यांचा मुलगा मला पाहायला येणार. चहा मीच नेणार आहे. त्याच्या कपात मीठ घालते. बघू, किती घोट पितो.