जादा कापड

आईला तिच्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुरुंगाच्या शिवणखात्यात मला मशीन मिळालंय. कैद्यांचे सदरे आम्हीच शिवतो. तू माझ्या शाळेच्या कपड्यांत ठेवायचीस, तसं मी शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवतो. मास्तर ओरडले, "इथे कोण अंगानं भरतंय रे?" म्हटलं, "आईनं लावलेली सवय आहे, जायची नाही."

जेवण पोटभर असतं. तुझे गुडघे काय म्हणतात? भेटीला एवढ्या लांब येऊ नकोस, रांगेत बसायला बाकसुद्धा नाही. ताईचा राग गेला का?

माझा सदरा मी दोनदा आत घेतला, पण कापड कापलेलं नाही. पुढच्या वर्षी सुटून आलो की उसवायचं काम तुझं.

तुझाच,
धाकटा