खोक्यांवरचं गाव

वालपारायसो, चिली
१२ मार्च २००१

चि. सौ. प्रज्ञा हिस अनेक आशीर्वाद.

विमानतळावरून फोन केला तेव्हा तू रिसीव्हर आपटलास. म्हणून हे पत्र; हे आपटलंस तरी आवाज होणार नाही. मी सुखरूप पोचलो.

इथे समुद्राला लागूनच डोंगर आणि त्यांवर दाटीवाटीने पत्र्याची घरं. पण पत्रे निळे, पिवळे, डाळिंबी रंगवलेले. चढ इतके उभे, की लोक रुळांवरून वर ओढल्या जाणाऱ्या लाकडी डब्यात बसून घरी जातात. सकाळी धुकं असतं. कुणाचीच नसलेली धष्टपुष्ट कुत्री गावभर फिरतात. त्यातलं एक मला रोज बंदरापर्यंत पोचवायला येतं. हॉस्टेलात सॅक घेऊन फिरणारी जर्मन पोरं आहेत. त्यांच्यात मीच तेवढा पिकल्या केसांचा.

शारजाच्या फळमार्केटात मी जन्मभर द्राक्षांचे खोके उतरवले, त्यांच्यावर याच बंदराचं नाव असायचं. हे गाव एकदा बघायचंच, असं कधीपासून मनात होतं. बंदराच्या गेटवर वॉचमनने दोनदा हाकललं. मग मी डोंगरावर जाऊन बसलो आणि जहाजात खोके चढताना वरून बघितले. फार बरं वाटलं. आता आत खोऱ्यात द्राक्षांच्या बागा आहेत, त्या बघितल्याशिवाय हलणार नाही.

तुझ्या आईला समजाव. राग ओसरला की चार ओळी लिही, लोभ तोवर राखून ठेव.

तुझा,
बाबा


अजमान
४ एप्रिल २००१

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी धनंजयला झापलं. ट्रॅव्हल एजन्सीतला जावई सासऱ्याला चिलीचं तिकीट काढून देतो आणि बायकोजवळ चकार शब्द काढत नाही. म्हणे, बाबांनी शपथ घातली होती.

कंपनीकडे जमा असलेला पासपोर्ट हातात पडेपर्यंत सुट्टीचं घरी कळवायचं नाही, ही तुम्हा गल्फवाल्यांची रीत मला ठाऊक आहे. कंपनी तो देते की नाही याचा भरवसा नसतो, उगाच घरचे आशेवर नकोत. पण ही सुट्टी नव्हती, बाबा. व्हिसा कॅन्सल, नोकरी खलास, तुम्ही कायमचे परत चालला होता. आईने देवरुखच्या घराला रंग काढला, तुमच्यासाठी नवी गादी भरून घेतली. आणि तिला तुम्ही एअरपोर्टवरून कळवता, की मी आधी चिलीला जातो.

दोन दिवस ती जेवली नाही. मग फोन करून मला म्हणाली, की माझा व्हिजिट व्हिसा काढ. परवा ती इथे आली. तुम्ही चोवीस वर्षं इकडे शेजारच्या शारजात होता आणि ती येतेय ती आत्ता, तुम्ही नसताना. काल म्हणाली, की ते आता परत आले तरी घरात घेईनच असं नाही. हे ती चिडून म्हणाली असती तर मी हसले असते. शांतपणे म्हणाली, म्हणून मला भीती वाटते.

खूश आहे तो फक्त तुमचा नातू. माय ग्रँडफादर इज अ बॅकपॅकर, असं शाळेत सांगत सुटलाय.

बागा राहू देत. मिळेल ते विमान पकडा. लोभ आहे, पण सध्या मी आईच्या बाजूने आहे.

तुमची,
प्रज्ञा


वालपारायसो
२४ एप्रिल २००१

सौ. कृष्णाबाई हिस,

तू अजमानला आहेस, म्हणून तिथल्याच पत्त्यावर लिहितो. कंपनीने पासपोर्ट दिला तेव्हा पहिल्यांदाच तो परत जमा करायचा नव्हता. वाटलं, घरी गेलो की हा कपाटात जाईल आणि मी ओट्यावर. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस तर मी गेलो नसतो. हे खरं आहे आणि बरं नाही.

बागा अजून बघितल्या नाहीत. तुला दुखवून जायला पाय उचलत नाही. बघायच्या आहेत, हेही लपवत नाही. पण तू नुसतं ये म्हणून लिही, मी त्याच दिवशी निघतो. लोभ उरला असेल तर तेवढं कर.

तुझा,
दौलत


अजमान
१२ मे २००१

ती. स्व. यांस कृष्णाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि तुमच्या खोलीतल्या जहूरभावजींना म्हटलं, तुम्ही दोघं इतकी वर्षं एका खोलीत राहिलात, ती खोली मला दाखवा. ते बिचारे नको नको म्हणत होते. तुम्ही दर पत्रात खोली हवेशीर असल्याचं लिहायचात. तिला खिडकीच नाही. आठ खाटा आणि भिंतभर कपडे. तिथे उभी राहिले तेव्हा तुम्हाला डोंगरावर बसून का बरं वाटलं, ते कळलं. कळलं म्हणजे माफ केलं असं नाही.

मलाही ओट्यावरून फाटक सोडून दुसरं काही दिसलं नाही. तुमचं एक गाव बघायचं राहिलं होतं. माझी सगळीच राहिलीत.

वाट बघणं आता माझ्याने होणार नाही. म्हणून ये म्हणून लिहीत नाही. आहात तिथेच थांबा. धनंजयरावांना माझं तिकीट काढायला सांगितलं आहे, व्हिसाचे कागदही दिले. प्रज्ञा रडतेय, पण ती रडून गप्प होईल. जहूरभावजींनी सॅक आणून दिली. पाठीवर घेऊन घरात फिरून बघितली, जमते. माझ्याशिवाय एकही बाग बघायची नाही. द्राक्षं संपली असतील तर वेली बघू.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते मी तिथे आल्यावर ठरवीन.

आपली,
कृष्णाबाई