पानगळीत दोन व्याही

चि. भिंगरी हिस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. ('चि. सौ.' लिहावं की नुसतं 'चि.', या घोळात बरेच कागद वाया गेले. 'चि.' तर कोणाच्या सहीने जात नाही, म्हणून तेवढं ठेवलं.) आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर. तू वेळेवर जेवतेस ना?

तुम्ही नवरा-बायको वेगळं व्हायचं म्हणताय हे कळल्यापासून आमच्या घरात पंखासुद्धा दबकत फिरतो. शेवटी तुझ्या आईने फर्मान काढलं, की व्याह्यांना गाठा आणि काय ते स्पष्ट बोला. घरात तोंड उघडेना, म्हणून तुझे सासरे आणि मी रविवारी सकाळी जंगलात फिरायला गेलो.

काय सांगू तुला, पानगळ अगदी भरात होती. पिवळी, तांबूस, विटकरी पानं, त्यातून उतरलेलं कोवळं ऊन आणि ओलसर मातीचा वास. जन्मभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे चढवून 'आता नीट दिसतंय का' विचारत आलो, पण मी स्वतः इतकं नीट कधी पाहिलंच नव्हतं. व्याही (आयुष्यभर बस चालवलेला माणूस) प्रत्येक बाकापाशी थांबून मागे बघायचे, कोणी चढायचं राहिलं नाही ना म्हणून. विषय मात्र निघेना. मी खाकरलो की ते एखादं झाड दाखवत, ते खाकरले की मी खार दाखवत असे (खार नसली तरी).

त्यात पानांनी वाटा बुजलेल्या. फाटा आला की मी म्हणायचो, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणायचे, छे छे, मान तुमचा. ते उजवीकडे वळले ते चुकतंय हे मला कळत होतं, पण व्याह्यांना चूक कसं म्हणायचं? नंतर उलगडा झाला, की मी उजवीकडे पाहिलं म्हणून ते वळले होते आणि त्यांनाही ती वाट चुकीचीच वाटत होती. या सौजन्यापायी आम्ही फिरून फिरून एकाच आडव्या ओंडक्यापाशी येत राहिलो. शेवटी दमून त्यावरच बसलो. त्यांच्या टकलावर एक पान अलगद येऊन बसलं. काढावं की नाही, हा पुन्हा मानाचाच प्रश्न. मी काढलं.

तेव्हा ते हळूच म्हणाले, "मुलांचं मोडलं, तर आपण एकमेकांना काय म्हणायचं हो?"

भिंगरी, खरं सांगतो, डोळे भरून आले. मग दोघेही उठून चालू लागलो. पुढे जंगलाचा रखवालदार भेटला आणि त्याने, कोणाचाही मान न ठेवता, आम्हाला सरळ रस्त्यावर आणून सोडलं.

प्रकृतीला जप.

तुझाच,
बाबा

ता. क. : सगळं स्पष्ट बोलणं झालं, असं तुझ्या आईला सांगितलंय. तिने विचारलं तर तूही तसंच सांग.

आणखी एक ता. क. : तुमचं काय ते तुम्हीच ठरवा, मी एका शब्दाने मध्ये पडणार नाही. पण वाटण्या करायची वेळ आलीच, तर कपाट, फ्रीज, सोफा, काय हवं ते जावयांना देऊन टाक. व्याही तेवढे माझ्याकडे राहू देत.