आधी साबणाचं पाणी

बाबा, तुम्हाला पोहता येत नव्हतं. रविवारी मोठ्या तलावावर गेलो की आम्ही सगळे नावेत बसायचो आणि तुम्ही काठावर आमच्या चपला सांभाळत उभे राहायचात. म्हणून आधीच सांगून टाकते. तुमची मुलगी आता पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरते, आणि दुसऱ्यांनाही उतरायला शिकवते. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी शिकले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, भोपाळात राहून समुद्र? डोकं फिरलंय हिचं! म्हणा. पण मला ते फार छान येतं, आणि ज्या गोष्टीसाठी लोक मला मानतात ती मी कुठल्या समुद्रावर शिकले नाही, तुलसी नगरच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात शिकले.

तुम्ही सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनची सिलिंडरं सांभाळायचात. घरी आलात तरी ती नोकरी अंगावरून उतरायची नाही. स्वयंपाकाचं नवीन सिलिंडर आलं की रेग्युलेटर लावायचा, वाटीत साबणाचा फेस करायचा, बोटाने जोडावर लावायचा आणि फुगा येतो का ते बघायचं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत, ज्याने बघितलं त्याने सही करायची. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाच्या घरी हे थेर नव्हते. मी चौदा वर्षांची असताना एका दुपारी सिलिंडर लावलं, मैत्रिणी खाली हाका मारत होत्या, तर नुसती सही ठोकली आणि पळाले. संध्याकाळी तुम्ही आलात, कॅलेंडर पाहिलं, आणि तरीसुद्धा वाटीत फेस केलात. जोडावर मोठा फुगा आला. आतला वॉशर झिजला होता.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. रेग्युलेटर काढलात, खिडक्या उघडल्यात आणि म्हणालात, "आज चूल नाही." आई चिडली, "काऊन जी, पोरगी चुकली म्हणून साऱ्या घराला उपाशी ठेवता का?" दहीपोहे कालवले गेले. मी मान खाली घालून खात होते आणि तुम्ही समोर बसून म्हणालात, "विसरली असतीस तर मी काही बोललो नसतो. पण सही केलीस. सही म्हणजे 'मी पाहिलं'. तू पाहिलं नव्हतंस." तेव्हा मला तुमचा राग आला होता, खरंच सांगते, मनापासून राग. एका वॉशरसाठी एवढं!

आता कालची गोष्ट. तुमची नात तेवीस वर्षांची आहे, तुमच्यासारखीच हट्टी. परवा ती माझ्याच गटाबरोबर समुद्रात उतरणार आहे आणि तिला नायट्रॉक्स वापरायची परवानगी हवी आहे. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा. तुम्हाला लगेच कळेल. पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं, पण ऑक्सिजन जितका जास्त, तितकी खोल जायची मर्यादा कमी होते. ती ओलांडली की तोच ऑक्सिजन विष होतो, माणसाला झटका येतो, तोंडातली नळी सुटते आणि मग काही उरत नाही. बत्तीस टक्के असेल तर तेहतीस मीटरपर्यंत, छत्तीस असेल तर अठ्ठावीसच्या पुढे जायचं नाही. म्हणून ज्याच्या पाठीवर सिलिंडर, त्यानेच ऑक्सिजन मोजायचं मीटर लावून आतलं प्रमाण बघायचं, सिलिंडरच्या पट्टीवर लिहायचं आणि खाली सही करायची. दुसऱ्याने मोजलेलं चालत नाही. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्याने हसले होते. बाबांचं कॅलेंडर की हो हे!

हल्ली हा अभ्यास ऑनलाइन होतो. मी त्याला नावं ठेवत नाही, उलट मला तो आवडतो. आकडेमोड घरी बसून, चहा पीत, दहा वेळा मागे नेऊन बघावी. वर्गात लाजून न विचारलेलं तिथे कळतं. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे तुमच्या नातीने, नेहरू नगरच्या घरात पलंगावर लोळत एका दुपारी सगळं संपवलं, एकही उत्तर चुकलं नाही, आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हो गया सब. आता तू फक्त साइन कर ना."

मी म्हटलं, करते, चल गच्चीवर. शिकवण्यासाठी कोकणातून भरून आणलेली दोन सिलिंडरं तिथे होती. एकात बत्तीस, एकात छत्तीस. तिला न सांगता मी छत्तीसच्या सिलिंडरवर बत्तीसची पट्टी चिकटवून ठेवली होती. हो, सापळाच लावला, पोटच्या पोरीला. तिने दोन्ही पट्ट्या वाचल्या, कागदावर बत्तीस, बत्तीस लिहिलं, खोली तेहतीस लिहिली, ऐटीत सही केली. मीटरचा डबा तिच्या पायाशी बंदच होता.

"मीटर?"

"अगं, लिहिलंय ना वर! आणि कसं मोजतात ते व्हिडिओत पाहिलंय मी. दोनदा."

मी डबा उघडून मीटर तिच्या हातात दिलं. आधी मोकळ्या हवेत धरून आकडा एकवीसच्या जरा खाली येतो का ते बघायचं, हे तिला तोंडपाठ होतं, पण हात ते विसरला. मग झडप अशी उघडली की फस्सकन आवाज झाला आणि आकडे नाचायला लागले. "हळू," मी म्हटलं, आणि तो तुमचाच आवाज होता. तिसऱ्या वेळेला नीट जमलं. मीटरवर छत्तीस. तिने पट्टीकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आपल्या सहीकडे पाहिलं. चेहरा उतरला. "म्हणजे मी तेहतीसला गेले असते," ती म्हणाली, आणि गच्चीवरच बसली. मला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. कागद फाडला आणि कोरा दिला. तिने दोन्ही सिलिंडरं पुन्हा पहिल्यापासून मोजली, जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि स्वतःच्या अक्षरात नव्या लिहिल्या. मग मी सही केली. असं आहे बघा, डोक्याला ऑनलाइन पुरतं, हाताला पुरत नाही. या बाबतीत कुणीही माझ्याशी वाद घालायला यावं.

मीटरच्या डब्यात तुमची चावी असते, दहावीनंतर तुम्ही मला दिलेली, दवाखान्यातल्या सिलिंडरची. इथे तिचा काही उपयोग नाही, आमची झडप हातानेच उघडते. ती कशाची, असं तिने विचारलं, म्हणून मी तिला दहीपोह्यांची गोष्ट सांगितली. ती डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "आणि त्यानंतर तू कधीच न बघता सही नाही केलीस?"

"कधीच नाही," मी ठणकावून सांगितलं.

बाबा, केली होती. दोनदा. एकदा बारावीच्या परीक्षेच्या दिवशी, आणि एकदा नुसता कंटाळा आला म्हणून. फुगा आला नसावा, कारण चूल चालू राहिली. तुम्ही मागाहून फेस लावून पाहिलात का, ते मला माहीत नाही. आणि काल पोरीला सापळ्यात पकडून, तिची सही फाडून, तासाभराच्या आत मी तिच्या तोंडावर तशीच एक खोटी सही केली, 'कधीच नाही' म्हणून.

हे तुम्हाला सांगायचं होतं, पण सांगायला हवं तिला. समोर बसून माझ्याने होणार नाही. घडी करून हा कागद डब्यात तुमच्या चावीखाली ठेवते. परवा बोटीवर तो डबा तीच उघडणार आहे.