चामड्याची वायसरं आणि पिंपरीची खोली

सोमवार, ७ जानेवारी १९७४

पंप आज पुन्हा बसला. म्हणजे मोटार चालू, पट्टा फिरतोय, आवाज तर केवढा – आणि नळीतून पाणी कसं, तर तान्ह्या पोराच्या मुतासारखं! समोर दुधाची गाडी, चाकापासून टपापर्यंत चिखल. ड्रायव्हर पायरीवर बसून विडी ओढत म्हणाला, "शलमोनभाऊ, ह्याच्यापरीस मी थुकून धुतो." मला हसू आवरेना. शलमोनला आलंच नाही.

माझा हा लेक बापावर गेलाय. त्याचा बाप जन्मात एकदाच मोठ्यानं हसला, तोही आमच्या लग्नात. पाळकसाहेबांची टोपी वाऱ्यानं उडाली आणि शेळीनं – जाऊ दे, ते लिहायला बसले तर पान पुरणार नाही.

जेवताना शलमोननं सांगून टाकलं. शनिवारपर्यंत पंपानं जोर धरला नाही तर रस्त्यावरचं हे गाड्या धुवायचं ठिकाण मागच्या आमच्या खोलीसकट विकायचं. पिंपरीला कंपनीत लागायचं, सगळ्यांनी जायचं. मला एकटीला संगमनेरात ठेवणार नाही म्हणे. तिथली खोली दुसऱ्या मजल्यावर. कोंबड्या कुठं ठेवायच्या, विचारलं. सून कृपा हळूच म्हणाली, "कोंबड्या न्यायच्या न्हाईत, आत्या."

मी जाणार नाही. हे फक्त इथं लिहिते.

मंगळवार, ८

गहिनीनाथ मिस्त्री आला. पंप उघडला. आत तीन दट्टे, प्रत्येकाच्या टोकाला चामड्याचं वायसर, छोट्या वाटीसारखं. तेच पाणी अडवून धरतं आणि जोरानं पुढं ढकलतं. जुनी तिन्ही झिजून चपलेच्या टाचेसारखी झालेली. त्यानं दुकानातून नवी सहा आणून तीन बसवली.

दोन गाड्या झकास धुतल्या. तिसरीला पंपाच्या अंगातूनच चहूकडं पाणी उडालं आणि गहिनीनाथच धुतला गेला. त्याच्या गालावरचा काळा डाग निघाला! पाच वर्षं आम्ही तो जन्मखूण समजत होतो.

बुधवार, ९

काढलेली नवी वायसरं मी हातात घेऊन बघितली. पापडासारखी वाळलेली, कडेला चिरा गेलेल्या. गहिनीनाथला विचारलं, कोरडीच घातली व्हय रे? म्हणाला, दुकानातून आली तशी घातली.

काय बोलणार! माझ्या मालकांनी वीस वर्षं मोट हाकली. मोटेच्या कातड्याला तेल पाजायचं काम माझं. कोरडं कातडं पाणी धरत नाही, चिरतं. आणि घरचा इष्टो? त्याच्या पंपातही असलंच एवढंसं वायसर असतं. ते मीच बदलते. मी मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, इष्टोचं तिथं कुणी शिकवलं नाही. रॉकेलचा भडका उडून भुवया जळल्या तेव्हा शिकले.

गहिनीनाथ म्हणाला, "आजी, ही मशीन हाय, इष्टो न्हाई." शलमोन म्हणाला, "आई, तू घरात बस." बसले. पण जाताना मिस्त्रीकडं उरलेली तीन वायसरं मागून घेतली. आजी म्हातारी झाली, खेळू दे, असं तोंड करून त्यानं दिली.

घरात बसून काय केलं? वाटीभर शेंगतेल कोमट केलं. हाताला सोसेल इतकंच, कारण कडक तेलात कातडं आक्रसतं. त्यात तिन्ही बुडवून फळीवर झाकून ठेवली. हल्ली तेलासाठी रांगेत किती उभं राहावं लागतं ते माझं मला माहीत. तरी जीव कठोर केला.

गुरुवार, १०

आजचं लिहू का नको? लिहिते. कृपाला वाचायला येतं, पण तिला माझं अक्षर लागत नाही.

सकाळी वायसरं काढली. लोण्यासारखी मऊ! पुसली, अंगठ्यानं कडा परकराच्या घेरासारख्या उलगडल्या आणि फडक्यात गुंडाळली. वाटी तशीच फळीवर राहिली आणि मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. परत येते तर आमटीला खमंग फोडणी बसलेली आणि वाटी रिकामी. तेलाचे असे दिवस, सून तरी बरी वाया जाऊ देईल!

दुपारी गहिनीनाथ जेवायला होता. तीनदा आमटी घेतली. "वैनी, आज आमटीला काय वेगळीच चव हाय." शलमोनही बोटं चाटत होता. मला भूक नव्हती. कृपानं विचारलं, वाटीत तेल कुठून आलं? म्हटलं, होतं थोडं.

पोट भरलेला मिस्त्री ऐकतो. माझी वायसरं घ्यायला तयार झाला, पण पहिलंच उलटं बसवायला लागला. मी काठी टेकत पुढं झाले. "त्याचं तोंड पान्याच्या जोराकडं कर. जोर आला की कडा फाकून भिंतीला चिकटत्यात." त्यानं माझ्याकडं बघितलं, वायसराकडं बघितलं, आणि फिरवलं.

मोटार लावली. पाणी असं सुटलं की दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडातली विडी रस्त्यापलीकडं! गाडीचा नंबर दिसला. ड्रायव्हर तो वाचत उभा राहिला, त्यालाही नवा असावा.

शुक्रवार, ११

चालू आहे. मी सारखी जाऊन बघते. बघण्यासारखं काही नाही, तरी बघते.

शनिवार, १२

घात झाला. सिन्नरकडचे ट्रकवाले भिमाजीशेठ आले. ठिकाण घ्यायचं बोलणं दिवाळीपासूनच चालू होतं म्हणे, बंद पंप नको म्हणून अडलेलं. आज पाण्याचा जोर बघून लगेच हो म्हणाले. म्हणजे मीच माझ्या हातानं तेल पाजून विकायला लावलं! आणि ह्या लबाड लेकानं मला शनिवारची मुदत सांगितली होती.

लई बोलले शलमोनला. त्यानं बूट काढले, पाय पुढं केले. दहा वर्षं पाण्यात उभं राहून टाचांना चिरा, त्यात रक्त. "आई, ह्या थंडीत आता उभं ऱ्हावत न्हाई."

कातड्याची मला एवढी पारख, आणि पोराचे पाय बघितले नव्हते.

त्यानं जावं. मी पुन्हा काही म्हणणार नाही. पण दुसरा मजला!

रविवार, १३

मिशनच्या देवळातून आलो तर भिमाजीशेठ दारात. गहिनीनाथनं त्यांना सगळं खरं सांगितलं (आमटीचं सोडून, ते त्यालाच माहीत नाही). शेठ म्हणाले, "पंप घेतो, पन आजी पंपासंगं पायजे. ऱ्हायला खोली तीच, वर पगार."

मी शलमोनला विचारलंच नाही, हो म्हणून टाकलं. तो डोकं धरून बसला. "पिंपरीत लोकांना काय सांगू, आईला का न्हाई आनलं?"

म्हटलं, "सांग, आईला नोकरी हाय. बदली व्हत न्हाई."