बाजूला सारलेली बशी

मी, कादर अकबर आतार, वय २६, राहणार बिबवेवाडी, पुणे, धंदा मोटार वाइंडिंग, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून म्हणाले, "काही होत नाही." तरी लिहिलेले बरे.

१. बँकेतील शिल्लक आमच्या कायद्याप्रमाणे आई खातून व बहीण नूरबानू यांना जाईल. दुकानातील मशीन व हत्यारे नूरबानूने घ्यावीत. आईची संमती आहे. शटर आधी डावीकडून उचलावे, नाहीतर अडकते.

२. शेजारचे दुकानदार हिंदुराव मला "काय इंजिनियर साहेब" म्हणून चिडवतात. त्यांचा पंखा दुरुस्त होऊन माझ्या दुकानात पडला आहे. नूरबानू पास झाल्यावर त्यांनी तिला "इंजिनियर मॅडम" म्हणून मागावा, मगच द्यावा. तोवर घाम पुसावा.

३. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत दोनदा नापास होऊन कॉलेज सोडले. आमच्या विभागात बाहेरच्या परीक्षकांचा नाश्ता मुलांनी घरून आणायची पद्धत आहे. पहिल्या वेळी पाळी माझी होती. आईने शिरा केला. बाहेरून आलेले परीक्षक दिगंबर सर, त्यांनी तो आवडीने खाल्ला, विचारले, "कोणाच्या घरचा?" मी अभिमानाने पूर्ण नाव सांगितले. त्यांनी बशी सारली, चूळ भरली. "तुम्ही लोक दुकानातच बरे," म्हणाले. प्रश्न एकही विचारला नाही. माधव शेजारी उभा होता. प्रोजेक्ट आम्ही दोघांनी मिळून केला होता. त्याला पहिला वर्ग मिळाला. पुढच्या खेपेला सर तेच, माझा निकालही तोच. माधव आता त्याच विभागात प्राध्यापक आहे.

दिगंबर सरांना मी माफ केलेले नाही. ते माझ्या मातीला आले तर दारातूनच परत पाठवावे.

४. पुढच्या महिन्यात नूरबानूची तोंडी तिथेच आहे. परीक्षक दिगंबर सर, सोबत माधव. म्हणून साक्षीला माधवलाच बोलावले आहे. त्याने कलम तीनबद्दल स्वतःच्या अक्षरात लिहावे. मी वाचलो तरी या कागदाची झेरॉक्स नूरबानूच्या पर्समध्ये राहील. तिला लायकीप्रमाणे मार्क मिळाले तर झेरॉक्स घडीतच राहील. नाहीतर विद्यापीठात जाईल, आणि वर्तमानपत्रातही.

नूरबानू म्हणाली, "भाई, त्यापेक्षा तूच ये की दाराबाहेर उभा राहायला."

माधव वाचून म्हणाला, "कादर, मला तिथे नोकरी करायचीय रे."

मी म्हणालो, "मलाही करायची होती."

सही: कादर अकबर आतार
ठिकाण: बिबवेवाडी, पुणे. दिनांक: ९ मार्च २०१४

साक्षीदार:
१. हिंदुराव (पंख्याचे कलम वाचले. बघू.)
२. माधव. कलम तीन खरे आहे. मी तिथे उभा होतो.